खुणेचं निळं छप्पर

मुंगी सकाळी कचेरीत आली, संगणक सुरू केला, की आधी बहिणीचं छप्पर शोधायची. हे तिच्या कामातच मोडायचं. उपग्रहाने वरून काढलेलं शहराचं चित्र नकाशावर जसंच्या तसं बसत नाही. कधी हातभर इकडे सरकलेलं असतं, कधी खोलीभर तिकडे. ते नीट बसवायला जमिनीवरच्या अशा खुणा लागतात, ज्या जागच्या हलत नाहीत आणि वरून चटकन ओळखू येतात. कचेरीत त्यांना 'खुंट्या' म्हणत, कारण सगळं चित्र त्यांना टांगायचं. पुलाचा कोपरा ही एक खुंटी, पाण्याच्या टाकीचा गोल कठडा ही दुसरी, रेल्वेच्या गोदामाची भिंत ही तिसरी. आणि शहराच्या सखल भागात, गंजक्या पत्र्यांच्या दाटीत, एकच गडद निळं छप्पर होतं. ते तिच्या ताईचं.

निळं का, तर ताईचा नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. एका औषधाच्या दुकानदाराने लांबलचक निळी पाटी सांगितली आणि रंग आणून झाल्यावर त्याचं मन हिरव्यावर गेलं. उरलेला रंग पेंटरने घराच्या पत्र्यावर फासला. पुढे दर दोन-तीन वर्षांनी तो नेमाने नवा हात द्यायचा. "आमची मेव्हणी वरून बघते," असं तो गल्लीत सांगायचा, "छप्पर मळकं दिसलं तर घरात बोलणी मला बसतात."

या दोघी बहिणी माझ्या शाळेतल्या. मुंगी हे नाव वर्गाने ठेवलेलं. अक्षर इतकं बारीक, की तिची वही तपासायला घेण्याआधी मी चष्मा पुसून घेत असे. चालणंही तसंच, भिंतीच्या कडेकडेने, डोकं खाली घालून. एकदा मी वर्गाला शाळेच्या मैदानाचा नकाशा काढायला सांगितला. बाकीच्यांनी फाटक काढलं, झाडं काढली, एकाने तर शिपाईसुद्धा काढला. मुंगीने मैदानात पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं, ते बाण काढून दाखवलं होतं. फाटक काढायचं राहून गेलं होतं.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. अभ्यासात ती मुंगीपेक्षा कुठे कमी नव्हती. गणितात तर वरचढच होती. पण आई गेली तेव्हा घरात चूल पेटवणारं दुसरं कुणी नव्हतं. वडील एका कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी, दिवसा झोपलेले. ताईने आठवीनंतर शाळा सोडली आणि आईचं शिलाई मशीन उघडलं. आमच्या शाळेचे निम्मे गणवेश ती शिवायची. मशीनच्या दिव्याचा उजेड एकच. त्या उजेडात एका बाजूला ताई कॉलर उलटवत असे आणि दुसऱ्या बाजूला मुंगी नकाशे भरत असे. शाळा सुटल्याचा ताईने कधी उच्चार केला नाही. मुंगीच्या पदवीचा कागद घरी आला, त्या दिवशी ती शिवत होती. तो कागद तिने लगेच हातात घेतला नाही. उठली, साबणाने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि मग घेतला.

मुंगीला पालिकेत नोकरी लागली. नकाशा विभाग कचेरीच्या तळघरात होता. भिंतींना ओल, खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. ज्यांनी सगळं शहर वरून बघायचं, त्यांना बसवलं होतं जमिनीखाली. विभागाचे मोठे साहेब वयाने फार नव्हते. कामात मुरलेले, शांत, दुपारच्या डब्यातही पुस्तक उघडं ठेवणारे. पूर्वी टेकड्यांवरून निघून शहरातून नदीला मिळणारा एक ओढा होता. गेल्या दोन-तीन पिढ्यांत तो हळूहळू रस्त्यांखाली, इमारतींखाली दडपला गेला. आता मोठा पाऊस झाला की पाणी त्याची जुनी वाट शोधत दुकानांत शिरायचं. पालिकेने ठरवलं, की जमेल तिथे ओढा पुन्हा उघडा करायचा आणि वाटेत पाणी थांबवायला तळी करायची. कुठे उघडायचा, कुठे थांबवायचा, हे ठरवणारा नकाशा मुंगीच्या टेबलावर होता. तीन वर्षं ती त्या कामात होती. उन्हाळ्यातल्या चित्रांत जिथे झाडं उगाच जास्त हिरवी दिसत, तिथे खाली ओढा आहे हे तिने ओळखलं. फुटपाथवर बसलेल्या चांभाराच्या पाठीमागचं एकुलतं उंबराचं झाड तिला ओढ्याचं वळण सांगून गेलं.

हे काम करताना एक पायरी अशी येते, की जमिनीच्या उंचीचा नकाशा संगणकाला द्यायचा आणि पाणी कसं वाहील ते त्याला काढू द्यायचं. पण वरून मोजलेल्या उंचीत बारीकसारीक चुका असतात. कुठे उगाच खड्डा दिसतो आणि संगणकातलं पाणी त्यात अडकून बसतं. म्हणून आधी एक बटण दाबून असे सगळे खड्डे बुजवून टाकायचे, ही सगळीकडचीच रीत. तळघरात यावरून थट्टा चालायची. "रस्त्यावरचे खड्डे पालिकेला जन्मात बुजवता येत नाहीत," समोरच्या टेबलावरचा जाड चष्मेवाला म्हणायचा, "आणि आपण चहा निवायच्या आत हजारभर बुजवतो. आपल्यालाच महापौर करायला हवं." मुंगीनेही ते बटण दाबलं होतं. चहा तेव्हा गरम होता.

नकाशा पुरा होत आला. पुढच्या बैठकीत तो मांडायचा होता. सुट्टीच्या दिवशी मुंगी ताईकडे जेवायला गेली. आदल्या दिवशी चांगला पाऊस होऊन गेला होता आणि गल्लीत घोट्याएवढं पाणी उभं होतं. पेंटर दारात खुर्ची टाकून, पाय वर घेऊन बसला होता.

"या मेव्हणीबाई. होडी कुठे लावली?"

"भावजी, पाणी कधीपासून आहे?"

"कालपासून. उद्या जाईल. पाहुणा आहे, हाकलून कसं चालेल?"

आत पलंगाखाली विटा लावलेल्या होत्या. ताईचं मशीन सिमेंटच्या ओट्यावर चढवलेलं होतं. भिंतीवर ओलीची एक रेघ होती आणि तिच्यावर दुसरी, जुनी. मुंगी हे सगळं ताईच्या लग्नापासून बघत होती. विटा तर तिने स्वतः वाहून आणल्या होत्या.

"तिन्ही बाजूंनी येतं," ताई ताट वाढता वाढता म्हणाली. "आणि जायला वाट नाही. जमिनीत मुरेल तेव्हा मुरेल. बशीत बसल्यासारखं आहे आपलं. तू भात घे गं, नुसती बघत काय राहिलीस?"

मुंगीचा हात ताटावर थांबला होता. तिच्या नकाशात या गल्लीला उतार होता. पाणी निळ्या छपराजवळून सरळ पुढे जात होतं, नदीकडे. हजार वेळा तिने ते छप्पर पाहिलं होतं, पण चित्र टांगायला. छपराखाली काय आहे हे बघायची तिला कधी गरज पडली नव्हती. ते तिला ठाऊकच होतं ना.

दुसऱ्या दिवशी तिने बुजवण्याच्या आधीची उंची उघडली. ताईची गल्ली आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्या मिळून एक रुंद, उथळ खळगा होता. मोजणीची चूक नव्हती ती. जुन्या ओढ्याचं डबकं असावं, त्यावर भराव टाकून लोकांनी घरं बांधली होती. संगणकाने तो खळगा चूक समजून बुजवला होता. आता वरच्या अंगाला ओढा उघडा केला, की आज घोट्याला लागणारं पाणी तिथे छातीपर्यंत चढणार होतं. आणि खळगा नकाशात परत घातला, तर कुणालाही दिसलं असतं, की शहरात तळं करायला याहून सोयीची जागा नाही. तिन्ही गल्ल्या उठणार होत्या.

ती मोठ्या साहेबांकडे गेली. गल्ली उचलून घेता येईल का, पंप बसवता येईल का, बाजूने मोरी काढता येईल का, सगळं तिने विचारलं. साहेबांनी काहीही झिडकारलं नाही. दोघं दोन दिवस आकडे मांडत बसले. गल्ली उंच केली की तेच पाणी पुढच्या रुग्णालयाच्या तळमजल्यात शिरत होतं. पंप एवढ्या पाण्याला पुरत नव्हता. मोरीला खाली उतारच नव्हता.

"तुमचं कुणी राहतं का तिथे?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"बहीण."

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मॅडम, बुजवलेला नकाशा सगळ्यांनी पाहिलाय. त्यात कुणाला काही खटकलेलं नाही. तुम्ही तो तसाच दिलात, तर मी काही पाहिलं नाही असं समजा. आणि हे तुम्हाला करायचं नसेल, तर मी दुसऱ्या कुणाकडे देतो."

"दुसऱ्याला तो खळगा सापडायचा नाही," मुंगी म्हणाली.

"नाही सापडायचा."

त्या संध्याकाळी ती ताईकडे गेली. नकाशा अजून तिने बदलला नव्हता. आधी सांगायचं असं तिने ठरवलं होतं. ताई एका शर्टाला काज करत होती. मुंगीने सगळं सांगितलं, अगदी त्या बटणासकट. पेंटर हसला. "लोक एकमेकांना पाण्यात बघतात, ते ऐकलं होतं. सख्ख्या मेव्हणीने बघितलं, हे आमचंच घराणं."

ताईने सुई थांबवली नाही. "म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरात आतापर्यंत खड्डा नव्हता."

"होता ताई. त्याने बुजवला होता."

"मग बुजवलेला राहू दे ना."

"वरचं पाणी सोडलं की इथे छातीइतकं येईल गं. झोपेत येईल."

"आणखी दोन विटा लावू."

"ताई, छातीइतकं म्हणतेय मी."

"ऐकलं मी." ताईने दोरा दाताने तोडला. "इथे माझी गिऱ्हाइकं आहेत. शाळा दोन गल्ल्या पलीकडे आहे, पोरं मापं द्यायला चालत येतात. ह्यांच्या पाट्या या बाजारात लागतात. आम्हाला कुठे नेऊन टाकतील ते तुला माहीत आहे?"

मुंगीला माहीत नव्हतं.

"त्या कॉम्प्युटरला आमची दया आली," ताई म्हणाली, "तुला का येऊ नये?"

ताईने तिला जेवून जा म्हटलं नाही, आणि अशी ती पहिलीच वेळ. पेंटर तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. वळताना तिच्या खांद्यावरचा दोऱ्याचा तुकडा उचलून त्याने खिशात टाकला.

चार दिवस तिने कामाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी खळगा नकाशात परत घातला, खाली आपलं नाव लिहिलं आणि नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला. हे तिने का केलं, ते तिने मला कधी नीट सांगितलं नाही. एकदाच म्हणाली, "बाई, तिला बुडताना बघायला मी कुठे बसले असते? तळघरातच ना."

पुढचं सगळं रीतसर झालं. माणसं मोजून गेली, दारांवर खडूने आकडे पडले, सभा झाल्या. गल्लीत कुणीतरी शोधून काढलं, की नकाशा पेंटरच्या मेव्हणीने केलाय. त्यानंतर नळावर ताईसाठी कुणी जागा सोडेना. पेंटरने गल्लीच्या मोर्चासाठी पाट्या रंगवून दिल्या, फुकट. अक्षरं इतकी सुबक की पालिकेच्या शिपायांनीही वाखाणली. वर्षभरात तिन्ही गल्ल्या उठल्या. लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीपलीकडच्या वसाहतीत खोल्या मिळाल्या. ताईची खोली चौथ्या मजल्यावर. भिंती कोऱ्या, नळाला पाणी, कुठे ओल नाही. पण तिथे शाळा नव्हती, बाजार नव्हता. ताई मशीन चालवायला बसली, की खालच्या मजल्यावरचे काठी घेऊन छत ठोकायचे.

मुंगी दोनदा तिथे गेली. पहिल्या वेळी ताई म्हणाली, "या. बसा." जन्मभर जी 'अगं'शिवाय बोलली नव्हती, तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि बाजूला उभी राहिली, पाहुण्यापुढे उभं राहावं तशी. दुसऱ्या वेळी दार पेंटरने उघडलं. "झोपली आहे," तो म्हणाला, आणि आतून मशीन चालल्याचा आवाज येत होता. दोघांनी तो ऐकला. त्यानंतर मुंगी गेली नाही.

कचेरीत ती चित्रं टांगत राहिली. एका चित्रात गल्ली होती. पुढच्यात छपरं काढलेल्या खोल्या उघड्या पडल्या होत्या, खोक्यांसारख्या. त्याच्या पुढच्यात तांबडी माती. मग चिखल, मग एक करडा डाग, आणि मग पाणी. चष्मेवाला म्हणाला, "आता तुझी ती निळी खुंटी गेली. तळ्याचा कोपरा धर." मुंगी म्हणाली, "काठ सरकतो पाण्याचा. खुंटी हलता कामा नये." तिने एका सरकारी गोदामाचा कोपरा धरला.

ओढा उघडला. त्या वर्षी मोठा पाऊस झाला आणि दुकानांत पाणी आलं नाही. रुग्णालयाचा तळमजला कोरडा राहिला. तळं काठोकाठ भरलं. ताईचं मशीन जिथे ओट्यावर असे, तिथे पुरुषभर पाणी होतं. वर्तमानपत्रात तळ्याचा फोटो आला. मोठ्या साहेबांनी मुंगीचं नाव सांगितलं होतं, ते छापून आलं नाही, आणि मुंगीला त्यात बरंच वाटलं.

तळ्यावर पाटी लावायची होती. पालिकेच्या ठेकेदाराने स्वस्तातला पेंटर शोधला, तो नेमका भावजी निघाला. मुंगी मोजणीसाठी तिथे गेली होती, तेव्हा तो शिडीवर उभा राहून 'पाण्यात उतरू नये' एवढं लिहून पुरं करत होता. केस पांढरे झाले होते.

"बघा मेव्हणीबाई," शिडीवरूनच तो म्हणाला, "इथे मी बिनपाटीचा उतरायचो. चपला हातात घेऊन."

"भावजी, ताई कशी आहे?"

"शिवते." त्याने ब्रश पुसला. "गिऱ्हाईक नाही, तरी शिवते. जुनंच उसवते नि शिवते." मग थोड्या वेळाने, "पत्रे काही तिने विकू दिले नाहीत. भंगारवाला चांगला भाव देत होता. ठेवायला जागा नाही, तरी नेले. मी म्हटलं, बाई, चौथ्या मजल्यावर माणसं नेतात, छप्पर कुणी नेतं का?"

मुंगीने हे मला सांगितलं, तेव्हा आणखीही एक सांगितलं. टेकडीपलीकडची वसाहत तिच्या नकाशात येत नाही. तिचं काम ओढ्यापुरतं. पण चित्र येतं ते सगळ्या शहराचं. हातातलं काम झालं, की ती चित्र बाजूला सरकवते. वसाहतीच्या सगळ्या गच्च्या पांढऱ्या. त्यातल्या एकीवर, टाकीच्या बाजूला, पाच-सहा निळे ठिपके दिसतात.

"तिचेच पत्रे असतील," मी म्हटलं.

"ठिपके आहेत, बाई. प्लास्टिकचं पिंपही निळं असतं."

"जाऊन बघ की. बस तुझ्या दारावरून जाते."

ती चहाच्या पेल्याखालचं ओलं वर्तुळ बोटाने पुसत राहिली.

मग मीच गेले. माझे गुडघे चार मजल्यांना राजी नव्हते, पण पोचले. ताई खोलीत नव्हती. शेजारणीने वर बोट दाखवलं. गच्चीवर टाकीच्या कठड्याला तारेने बांधलेले ते निळे पत्रे होते आणि त्यांच्याखाली मशीन. खालच्यांची कटकट नको म्हणून ताई दिवसभर तिथेच शिवत बसे. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या होत्या. विटांच्या खालच्या अर्ध्या भागावर जुन्या पाण्याचा डाग होता.

तिने मला खुर्ची दिली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, माझ्या पिशवीचा उसवलेला बंद बोलता बोलता शिवून दिला. मुंगीचं नाव तिने काढलं नाही. मी काढलं, तेव्हा मशीनचं चाक हाताने थांबवून ती म्हणाली, "बरी आहे ना?" एवढंच. उत्तर ऐकून घेतलं आणि पुन्हा चाक फिरवलं.

मी निघाले तेव्हा ती बादली घेऊन स्टुलावर चढली होती आणि फडक्याने पत्रा पुसत होती. पाणी खालच्या खोलीतून उचलून आणावं लागतं तिथे, गच्चीचा नळ कधीचा बंद.

"रोज कशाला एवढं?" मी म्हटलं.

"इथे धूळ फार, बाई. दोन दिवसांत पांढरं होतं. रंग दिसत नाही मग."

कुणाला दिसत नाही, ते तिने सांगितलं नाही.

हे सगळं मी मुंगीला सांगितलं, जसं पाहिलं तसं. ती खाली मान घालून ऐकत होती, वर्गात बसायची तशी. "पुढचं चित्र आलं की बघते," म्हणाली. मी वाट पाहिली. महिनाभराने ती आली तेव्हा मी काही विचारलं नाही. दारात चप्पल काढता काढता तीच म्हणाली, "या वेळी त्या बाजूला ढग होते, बाई. काहीच दिसलं नाही."

खाली रस्त्यावर वसाहतीची बस आली, थांबली आणि गेली.